पर्समधलं पिवळं कार्ड

विजू गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला. पंधरा दिवस रजा काढून मी दवाखान्यातच बसून होते आणि नेमकी त्या दिवशी, तपासलेले पेपर तेवढे देऊन येते म्हणून नाशिक रोडला शाळेत गेले होते. शिपाईमामा स्टाफरूमच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले. एरवी हा माणूस जिन्याखालून हाका मारतो, त्या दिवशी गप्प... तेव्हाच मला कळलं. फोनवर विजूचे यजमान दिलीपराव होते. "ताई, या तुम्ही," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवायचंही विसरले. पलीकडून दवाखान्यातली ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत राहिला आणि मी तो ऐकत उभी राहिले. माझी धाकटी बहीण सदतीस वर्षांची होती.

त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने मला एकच शब्द ऐकवला आहे. अचानक. "अचानकच गेली हो. हार्टचं काही सांगता येत नाही." मी मान हलवते, पाणी देते, चहा टाकते. त्यांना खरं सांगायला तोंड उघडत नाही, कारण तोंड न उघडणं हेच आमच्या घराण्याने इतकी वर्षं नेमाने केलेलं काम आहे. पण आता लिहिते. विजूच्या मरणात अचानक असं काहीही नव्हतं. चौदा वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची तयारी केली होती.

आम्ही मूळच्या सटाण्याच्या. अण्णा लवकर गेले, आईने आम्हा दोघींना वाढवलं. विजू दहा वर्षांची असताना तिचा घसा धरला, मग ताप आला, आणि मग गुडघे असे सुजले की तिला मोरीपर्यंत उचलून न्यावं लागायचं. आईने शेक दिला, लेप लावले. ताप गेला, गुडघेही उतरले, पण पुढे चार महिन्यांनी शाळेच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागली. नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सांधेवाताचा ताप होता आणि जाताजाता त्याने हृदयाची एक झडप खराब केली आहे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायचं, ते चुकवायचं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तिचं आईला फार नवल वाटलं. दात जपायचे. ते विजूला समोर उभी करून म्हणाले, "बाळ, तुझ्या दातांशी तुझं काळीज बांधलंय. गोड खाल्लंस की चूळ भर. आणि दाताच्या डॉक्टरकडे गेलीस की आधी हे दाखव." मग त्यांनी पोस्टकार्डाएवढं एक पिवळं कार्ड दिलं. त्यावर विजूचं नाव होतं आणि खाली छापलं होतं: 'या रुग्णाच्या हृदयाची झडप खराब आहे. दातांचे कोणतेही काम करण्यापूर्वी हे कार्ड दाखवावे व औषधाचा डोस द्यावा.' डॉक्टरांनी 'दातांचे' या शब्दाखाली पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

त्या दोन रेघांना आमची आई घाबरून होती. वर्षातून दोनदा, काम असो नसो, ती विजूला एसटीने नाशिकला आणून दात दाखवायची. मला कधी दाताच्या डॉक्टरचं दारसुद्धा दिसलं नाही, माझ्या दाढा किडून गेल्या तरी लवंगेवर भागवलं. विजूचे दात मात्र लखलखीत. गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या, "विजे, हास ना गं एकदा, उजेड पडू दे." आणि ती हसायची. मोठ्याने, डोकं मागे टाकून हसायची. पुढे चौदा वर्षं तोंडावर पदर धरून हसणारी जी विजू लोकांनी पाहिली, ती माझी बहीण नव्हतीच. ती आम्ही केली.

नव्वदनंतरच्या सिंहस्थाच्या आदल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. सिंहस्थ लागला की आमच्याकडे वर्षभर लग्नाचं नाव काढत नाहीत, त्यामुळे लागायच्या आत उरकून घ्यायची नुसती झुंबड उडालेली. विजूला तेविसावं चालू होतं. स्थळ पंचवटीतलं, मुलगा ओझरच्या कारखान्यात कायम, घरात तो आणि त्याची आई. आई म्हणाली, असं स्थळ वर्षभर थांबायचं नाही. मुलाच्या आईने, म्हणजे सगळे ज्यांना माई म्हणतात त्यांनी, बघायला आल्यावर सरळ विचारलं, "मुलीला काही दुखणंबिखणं?" आई कधी घाबरली की तिच्या तोंडून अहिराणी निघायची. ती पटकन म्हणाली, "पोरले काही व्हयेल नई शे." म्हणजे पोरीला काहीच झालेलं नाही. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. त्या दिवशीच मला पहिल्यांदा गप्प बसता आलं, आणि सोपं वाटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी विजूची बॅग भरताना आईने ते पिवळं कार्ड बाहेर काढून माझ्या हातात दिलं. मी तेव्हा नाशिक रोडला सासरी आणि नोकरीत स्थिर झाले होते. "हे तुझ्याकडे राहू दे. हिच्या बॅगेत कुणी पाहिलं तर पोर परत येईल." माझ्याकडून तिने देवासमोर कबूल करून घेतलं की मी कुणाला सांगणार नाही. विजू बाजूला बांगड्या भरलेल्या हाताने बसली होती. तिने कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, नीट ठेव हं. हरवायची सवय आहे तुला." मी ते हरवलं नाही. तेवढी एक गोष्ट मी फार नीट केली.

पहिली दोन वर्षं इंजेक्शनं चालू होती. दर तीन आठवड्यांनी विजू 'ताईकडे जाऊन येते' म्हणून पंचवटीहून बसने नाशिक रोडला यायची, माझ्या ओळखीच्या नर्सबाईंकडे जाऊन सुई टोचून घ्यायची आणि मग आम्ही स्टेशनसमोर उभ्याने उसाचा रस प्यायचो. ते इंजेक्शन भयंकर दुखायचं, ती लंगडत बस चढायची. माई विचारायच्या, "काय गं, बहिणीकडून येताना दर वेळी लंगडतेस?" त्यावर ही म्हणायची, "चप्पल चावते." मग माईंनी मायेने तिला नवी चप्पल आणून दिली. आम्ही दोघी त्यावर इतक्या हसलो होतो... आज ते आठवलं की मला माझीच शिसारी येते. पुढे तिला तिच्या लेकीच्या, मानसीच्या वेळी दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आमच्या पथ्यावर पडला. सासरच्या कुणाला डॉक्टरांचं तोंड बघायची वेळ आली नाही. डॉक्टर आईवर कडाडले. आम्हाला न विचारता, पोरीला न दाखवता हे काय चालवलंय, म्हणाले. दुसऱ्या मुलाचा विचारही करू नका, म्हणाले. मानसी सुखरूप झाली. त्यानंतर अंगावरच्या मुलीला घेऊन एवढ्या लांब येणं जमेना आणि इंजेक्शन आधी लांबलं, मग सुटलं. विजू म्हणाली, "बाळंतपण निभावलं ना, आता काय होतंय." मीही म्हटलं, खरंच.

दात मात्र तेव्हापासूनच जायला लागले. बाळंतपणानंतर हिरड्यांतून रक्त यायचं. माईंनी तुरटीच्या गुळण्या दिल्या. दाढ ठणकायला लागली तेव्हा आपली मशेरीची डबी पुढे केली, "थोडी लाव, बधिर होतं." झालंही बधिर, आणि विजूला मशेरीची सवय लागली. दिलीपरावांच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, माईंना कवळी बसली, तीही एकदा सैल झाली म्हणून पुन्हा करून घेतली. विजूच्या तोंडाकडे पाहायला मात्र त्या घरात कुणाला सवड नव्हती, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. म्हणायला सोयीचं होतं. खरी गोष्ट वेगळी आहे. विजूला घेऊन माई एकदा गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. खुर्चीत बसवल्यावर डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारायला सुरुवात केली, "साखर? रक्तदाब? हृदयाचा काही त्रास?" शेजारी माई. विजू ताडकन उठली आणि म्हणाली, "थांबली दाढ. आता दुखतच नाही." घरी निघून आली. माई पुढे कितीतरी दिवस हा किस्सा रंगवून सांगायच्या, की आमची सून इतकी भित्री, नुसत्या खुर्चीत बसूनच बरी झाली. आम्ही सगळे हसायचो. विजू पदर लावून हसायची. त्यानंतर तिने दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं नाही. तिला सुईची भीती नव्हती, पकडीची नव्हती. तिला त्या एका प्रश्नाची भीती होती.

मी आठवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर हृदय काढते, चार कप्पे, झडपा, निळा खडू, लाल खडू. पोरांना बजावते की पाठ करू नका, समजून घ्या. आणि त्याच वर्षांत दर रक्षाबंधनाला, दर भाऊबीजेला, आम्हाला भाऊ नाही म्हणून आम्ही दोघी एकमेकींनाच ओवाळायचो तेव्हा, माझ्यासमोर बसलेल्या बहिणीच्या तोंडाला वास येत होता, हिरड्या काळ्या पडल्या होत्या, आणि मी ताटातला पेढा तिला भरवून मोकळी होत होते. दोनदा म्हटलं, "विजू, दात दाखवू या." ती म्हणाली, "माईंना काय सांगू?" संपला विषय. आई गेल्यावर तरी मी सुटायला हवं होतं. शब्द घेणारीच राहिली नव्हती, तर शब्द कुणासाठी पाळत होते? पण एव्हाना ते गुपित घरातल्या जुन्या कपाटासारखं झालं होतं. कुणाच्या कामाचं नाही आणि हलवायचं कुणी मनावर घेत नाही.

गेल्या दिवाळीआधी विजूचा गाल सुजला. डोळा झाकला जाईल इतका. दिलीपरावांनीच या वेळी ऐकलं नाही. मला फोन केला, "ताई, तुम्ही याल का बरोबर? तुमचं ऐकते ती." मी निघताना कपाट उघडलं, सर्टिफिकेटांच्या फाइलमधून ते पिवळं कार्ड काढलं आणि पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात टाकलं. आज दाखवायचंच, असं ठरवून टाकलं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. कार्ड घरी विसरलं असतं तर निदान विसरले असं म्हणता आलं असतं.

डॉक्टरांनी आधी आठवडाभर गोळ्या देऊन सूज उतरवली आणि मग दाढ काढायला बोलावलं. दोन्ही वेळा आम्ही चौघंही गेलो, कारण माई कुठेही बरोबर येतातच. पहिल्या खेपेला विजूला ठणक्याने बोलताच येत नव्हतं, दिलीपरावच काय ते बोलले, डॉक्टरही घाईत होते. दुसऱ्या खेपेला ते तरुण डॉक्टर खुर्चीजवळ वाकून म्हणाले, "मावशी, काढण्याआधी विचारतो. हृदयाचा काही आजार? लहानपणी सांधेदुखीचा ताप वगैरे?" इतकं नेमकं विचारलं हो त्यांनी. विजूने माझ्याकडे पाहिलं. माझा हात पर्सवर होता, चेन मी उघडलीसुद्धा होती. माई पलीकडच्या बाकावर बसून कवळी नीट करत होत्या. विजू म्हणाली, "नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे, दिलीपरावांकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिले. चेन पुन्हा लावली. दाढ निघाली. बाहेर आल्यावर माई म्हणाल्या, "बघ, उगाच घाबरत होतीस."

पुढचं थोडक्यात सांगते, मला ते लांबवता येत नाही. तीन आठवड्यांनी विजूला बारीक ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी यायचा, सकाळी जायचा. मलेरिया बघितला, टायफॉइड बघितला, गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटायचं. संक्रांतीला मी गेले तेव्हा ती हलव्याचं ताट घेऊन उठताना भिंतीला धरून उभी राहिली. आणि मग एके सकाळी तिला आडवं होऊन श्वास घेता येईना. दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि बाहेर येऊन विचारलं, "यांची झडप जुनी खराब आहे. त्यावर जंतूंनी घर केलंय. मागच्या काही महिन्यांत दाताचं काही काम झालं होतं?"

मी सांगितलं. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर सांगितलं, दहाव्या वर्षापासूनचं. डॉक्टर रागावले नाहीत, हे फार वाईट झालं. ते शांतपणे म्हणाले, "त्या एका दिवसावर सगळं ढकलू नका. दाढ काढली तेव्हा डोस द्यायलाच हवा होता, पण यांच्या हिरड्या कित्येक वर्षं सडत होत्या. ब्रश करताना, घास चावताना रोज थोडे जंतू रक्तात जात होते. चांगली झडप त्यांना टिकू देत नाही. यांची टिकू देत होती. सहा महिन्यांनी दात दाखवत राहिल्या असत्या तर बहुतेक इथे आल्याच नसत्या." मी दिलीपरावांकडे पाहिलं. वाटलं, आता हा माणूस मला चार शब्द सुनावेल आणि सुनावलेच पाहिजेत. ते खाली बघत म्हणाले, "मला माहीत होतं ताई. मानसी झाल्यावर तिनं सांगितलं होतं. दुसरं मूल नको, ते मी आईला सांगताना माझ्यावर घेतलं... पण आईसमोर हिचं नाव नको म्हणून त्या दिवशी बोललो नाही. मला वाटलं, तुम्ही आहात तर तुम्ही सांगाल."

म्हणजे त्या खोलीत तीन माणसांना माहीत होतं. आम्ही तिघंही एका म्हातारीपासून लपवत होतो. आणि ती म्हातारी व्हरांड्यातल्या बाकावर बसून कपाळ बडवत म्हणत होती, "अरे, मला का नाही सांगितलं? मी काय तिला माघारी धाडणार होते?" माई, पहिल्या वर्षी धाडलं असतं तुम्ही. नक्की धाडलं असतं. पण पाचव्या वर्षी नसतं धाडलं आणि दहाव्या वर्षी तर तुम्हीच तिचा हात धरून दवाखान्यात नेलं असतं. भीती केव्हाच संपली होती. ती संपल्याचं आम्ही कुणी बघितलंच नाही. मला माईंचा राग येत नाही. आईचा येतो, ती नाही त्यामुळे त्याचं काय करायचं कळत नाही. आणि माझा येतो, त्याचंही काय करायचं कळत नाही.

मागच्या आठवड्यात मानसीच्या शाळेतून चिठ्ठी आली, आरोग्य तपासणीत दाढेला कीड सापडली, दाखवून घ्यावे. सातवीत आहे ती आता. मी म्हटलं, मी नेते. निघताना माई दारापर्यंत आल्या. डोळे रडून रडून सुजलेले, आवाज बसलेला, आणि म्हणतात, "तिथं विजूचं काही बोलू नकोस गं. लोक पोरीलाही तेच असेल म्हणतील. उद्या तिचं लग्न करायचंय." मला त्यांच्या तोंडून माझी आईच ऐकू आली.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी मानसीला खुर्चीत बसवलं आणि कागद ओढला. "घरात कुणाला हृदयाचा आजार?" मानसीने लगेच मान हलवली, नाही. मी म्हटलं, "हिच्या आईला होता. लहानपणापासून. हिला नाही, पण तपासून घेणार आहोत." आवाज जरा मोठाच लागला असावा, बाहेर बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. मानसी माझ्याकडे बघत राहिली. "लहानपणापासून?" मी चेन उघडली आणि ते कार्ड तिच्या हातात दिलं. तिने सगळं वाचलं, दोन रेघांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे आईकडे का नव्हतं?"

"माझ्याकडे होतं."

"दिवाळीच्या आधी, दाढ काढली त्या दिवशी?"

"त्या दिवशी पर्समध्ये होतं."

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तिने तोंड उघडलं, कीड साफ करून घेतली, चूळ भरली. परत येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर जाऊन बसली. कार्ड तिच्याकडेच राहिलं आणि मी ते मागितलेलं नाही. मागायचा हक्क मला राहिलेला नाही. पर्सचा तो कप्पा आता रिकामा आहे, तरी रोज शाळेला निघताना माझा हात आपोआप चेनकडे जातो, ती उघडतो, आत चाचपतो. जो हात त्या एका दिवशी आत गेला नाही, तो आता रोज जातो.